पाठ लागते, बरी होते, पुन्हा लागते: खोगिराचं नेमकं कुठे चुकतं

घोडीच्या पाठीवर सूज आली. पंधरा-वीस दिवस खोगीर चढवलं नाही. सूज बसली, खपली पडली, केस आले. पुन्हा रपेट सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी, तेवढीच सूज. हे चक्र ज्यांच्या पागेत चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाईजवळ आमच्या मळ्यात ते दीड वर्ष चाललं. तेवढ्या काळात मी तीन पॅड घेतले, एक नवं खोगीर घेतलं, एक जुनं घेतलं. जे काम पहिल्याच महिन्यात हातभर तारेनं झालं असतं, ते सगळ्यात शेवटी केलं.

घोडी सारंगखेड्याच्या बाजारातली. मारवाडी-काठेवाडी मिसळ, ५८ इंची, नाव चांदणी. पाठ आखूड, अंग अरुंद, आणि मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा चांगलाच वर आलेला. क्लबातले लोक त्याला विदर्स म्हणतात, मी इथे उंचवटाच म्हणतो. पहिली खूण सूज नव्हतीच, हे आता कळतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे जायचे. मग ती मान वळवून दात दाखवायला लागली. खरारा करताना ब्रश उंचवट्यामागे आला की पाठ हाताखालून निसटल्यासारखी खाली जायची. उताराला दुडकी चाल सोडून मध्येच थांबायची. आम्ही सगळ्याला एकच नाव दिलं होतं: नखरे.

सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांनी स्वार वर असताना घोडा दुखणं कसं दाखवतो याची २४ लक्षणांची यादी केली आहे. कान मागे धरणं, शेपूट झटकणं, तोंड उघडणं, चाल तुटणं अशी. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर सांध्या-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. मी नंतर चांदणीचे जुने व्हिडिओ काढून मोजली. अकरा होती. चाबूक हातात घेण्याआधी मोजली असती तर बरं झालं असतं.

खोगिराकडे वळण्याआधी

पाठ दुखते म्हणजे खोगीरच चुकलंय, असं नाही. मागचा पाय दुखत असेल तर घोडा पाठ ताठ धरून चालतो आणि पाठ दुखायला लागते. दाढांना धार आली असेल तर मान वर करून चालतो, पाठ पोकळ होते. स्वार एका बाजूला झुकून बसत असेल तर जगातलं उत्तम खोगीरही एकाच बाजूला रुतेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: खोगीर सतत एका बाजूला सरकत असेल तर आधी मागचे पाय तपासा. मागच्या पायात लंगड असलं की खोगीर बहुतेकदा त्याच बाजूला सरकतं. लंगड इतकी बारीक असू शकते की नुसतं चालवून दिसत नाही, फक्त खोगिरातून कळते.

म्हणून पहिला खर्च डॉक्टरांचा. आमच्या भागात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, मुंबईकडच्यांना परळ आहे. डॉक्टर पाठीचा एक्स-रे काढायला सांगतील ते मुख्यतः मणक्यांसाठी. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांना वर काट्यासारखी हाडं असतात. त्यांच्यात अंतर असायला हवं, पण काही घोड्यांत ती एकमेकांना टेकतात, घासतात. याला किसिंग स्पाइन म्हणतात आणि ते बहुधा तेराव्या ते अठराव्या मणक्यात होतं, म्हणजे बरोबर स्वाराच्या बुडाखाली. एक्स-रेत असं दिसूनही काही घोडे मजेत काम करतात, त्यामुळे नुसती फिल्म बघून घाबरू नका. पण असेल तर खोगिराच्या निवडीत एक अट कायमची वाढते, ती पुढे सांगतो.

उंचवट्यावर गरम, मऊ, दाबल्यावर डुचमळणारी सूज असेल किंवा तिथून पू येत असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. खोलवर संसर्ग असू शकतो, आणि त्याच्या मागे ब्रुसेलाचे जंतू असले तर ते माणसालाही लागतात. हात न लावता डॉक्टर बोलवा. आणि कुठल्याही उघड्या जखमेवर गाडीचं जुनं ऑइल, रॉकेल, चुना, बॅटरीची पावडर यांतलं काही लावू नका. हे सगळे उपाय मला वेगवेगळ्या चांगल्या माणसांनी मनापासून सुचवले आहेत. जखम भरून वर कातडी धड येईपर्यंत खोगीर नाही, भोक पाडलेला पॅड लावूनही नाही.

हातानं पाठ बघणं

घोडा सपाट जागी, चारही पायांवर सारखा उभा. पाठीच्या कण्यापासून चार बोटं खाली, उंचवट्यामागून ढुंगणापर्यंत तीन बोटांची पेरं सावकाश फिरवा. नखं नाहीत, आणि एकदम दाबायचं नाही. एकदम दाबलं तर निरोगी घोडाही दचकतो. आधी हलकं, दुसऱ्यांदा जरा जोर देऊन, तिसऱ्यांदा अजून थोडा. ज्या जागी कातडी थरथरते, स्नायू दगडासारखा होतो किंवा पाठ खाली जाते तिथे खडूनं खूण करा. दुसऱ्या बाजूला तेच. मग हे सगळं स्वारीनंतर पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दाबाची सूज खोगीर काढल्या काढल्या दिसत नाही. जागा दबलेली असते, रक्त परत आलं की काही तासांनी फुगते. म्हणूनच जुन्या घोडदळात फेरी संपल्यावर तंग सैल करून खोगीर थोडा वेळ तसंच पाठीवर ठेवत, म्हणजे दबलेल्या भागात रक्त हळूहळू यावं. आम्ही अजून पाळतो.

पांढरे केस बघा. काळ्या-तांबड्या घोड्याच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके असतील तर त्या जागी कधीतरी केसांच्या मुळापर्यंत दाब गेला होता. ते केस पुन्हा काळे होत नाहीत. बाजारात घोडा घेताना अनेकजण तोंड उघडून दात बघतात, खूर बघतात, आणि झूल काढायला सांगत नाहीत. मीही नव्हती काढायला लावली.

आणि उंचवट्याच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे बघा. तिथे मूठ बसत असेल तर स्नायू वाळलाय. अरुंद खोगिराखाली महिनोन्महिने दाबून दाबून तो वाळतो. या खळग्यांवरच पुढची सगळी गंमत आहे.

घाम काय सांगतो, आणि कुठे फसवतो

पाऊण तास काम करून आल्यावर खोगीर उचला आणि लगेच बघा. दोन्ही बाजूंना सारखे, सलग ओले पट्टे आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी, असं हवं. चांदणीच्या पाठीवर ओल्या पट्ट्यात उंचवट्यामागे दोन कोरडी बेटं होती, दोन्हीकडे तळहाताएवढी. मी वाचलं होतं की कोरडं म्हणजे तिथे दाब जास्त, घामाच्या ग्रंथी दबल्या. म्हणून तिथे अजून मऊ पॅड घातला. त्यानं वाढलं.

कोरड्या जागेचे अर्थ दोन असतात. एक तर दाब फार, किंवा खोगीर तिथे टेकतच नाही. मधे पोकळी असली तरी जागा कोरडीच राहते. फरक हातानं कळतो: स्वार वर असताना खोगिराच्या गादीखाली पुढून हात सरकवा. कोरड्या जागी हात अडकला, बोटं चिमटली तर दाब. हात सहज फिरला तर पोकळी. पोकळी असेल तर दुखणारी जागा तिथे नसते, तिच्या पुढे आणि मागे असते, कारण सगळं वजन त्या दोन टोकांवर आलेलं असतं. खाटेच्या दोन पायांवर झोपल्यासारखं.

आमच्या नालबंद चाचांनी याहून सोपी युक्ती दाखवली. त्यांनी जुन्या धोतराचा पांढरा, पातळ तुकडा मागितला. घोडीला त्या दिवशी मुद्दाम खरारा केला नाही, अंगावर धूळ तशीच. धोतर पाठीवर, त्यावर थेट खोगीर, पॅड नाही, आणि पंधरा मिनिटं चाल आणि दुडकी. मग खोगीर उचलून धोतर उन्हात पसरलं. पुढे दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे काळेकुट्ट डाग, खोगिराच्या पुढच्या लोखंडी कमानीच्या टोकांच्या जागी. मधे जवळजवळ कोरं. मागे, पाठीच्या शेवटाकडे, पुन्हा दोन डाग. चाचा म्हणाले, “भाऊ, चार खुंट्यांवर बसताय तुम्ही.” कोरडी बेटं म्हणजे काय ते त्या कापडावर छापून आलं होतं: कमान टोकाशी चिमटत होती, आणि तिच्या मागे वाळलेल्या खळग्यावर गादी टेकतच नव्हती.

तार आणि पुठ्ठा

इलेक्ट्रिकच्या दुकानातली जाड, वाकवली की तशीच राहणारी तार घ्या, साधारण दोन फूट. शाळेच्या सामानात मिळणारी वाकणारी रबरी पट्टी असेल तर अजून बरं. फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड कुठे संपतं ते हातानं चाचपून शोधा. पुढचा पाय कुणाला तरी हळू पुढे ओढायला सांगितला तर हाड मागे सरकताना कळतं. त्याच्या मागे तीन बोटं सोडून पहिलं माप. तार पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी अंगासरशी दाबायची, अलगद उचलायची, पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या बाजूनं पेन्सिल फिरवायची. दुसरं माप खोगिराच्या सगळ्यात खोल भागाखाली. तिसरं शेवटच्या बरगडीपाशी. प्रत्येक रेघेवर तारीख आणि डावं-उजवं लिहा. पहिली रेघ कापून काढली की तो पुठ्ठा खोगिराच्या कमानीखाली धरून बघता येतो. दुकानात घोडा नेता येत नाही, पुठ्ठा नेता येतो.

शेवटची बरगडी महत्त्वाची. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या. खोगीर अठराव्या बरगडीच्या मागे गेलं की खाली बरगड्यांचा आधार नाही, कमरेवर वजन. बरगडी पोटाकडून चाचपत वर जा, कण्याजवळ जिथे पोचते तिथे खडूची उभी रेघ. फऱ्यामागची रेघ आणि ही रेघ, एवढीच जागा खोगिराची. चांदणीच्या पाठीवर ती मी मोजली आणि माझ्या नव्या खोगिराची गादी मोजली. गादी चार बोटं जास्त होती.

ते खोगीर मी मागवलं तेव्हा विक्रेत्यानं एकच प्रश्न विचारला होता: सीट किती इंची? मी १७ म्हणालो. सीटचं माप स्वाराच्या बुडाचं असतं, घोड्याच्या पाठीचं नाही. घोड्यासाठी लागतं ते खोगिराच्या आतल्या सांगाड्याचं माप: कमानीची रुंदी, तिच्या दोन टोकांचा कोन, गादीची लांबी, आणि सांगाड्याचं पुढून मागे असलेलं वळण. नॅरो, मीडियम, वाइड हे शब्द ऐकून समाधान मानू नका. एका कारखान्याचं मीडियम दुसऱ्याच्या नॅरोएवढं निघतं. कानपूरहून खोगिरं देशभर आणि परदेशात जातात. त्यातली चांगली खरंच चांगली आहेत, पण बरीचशी मापं परदेशी रुंद घोड्यांची. मारवाडी उंचवट्यावर ती पुढे खाली बसतात आणि भीमथडी तट्टाच्या सपाट, गोल अंगावर डुलतात.

खोगीर ठेवून बघताना

पॅड न लावता. खोगीर उंचवट्यावर थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवा, जिथे आपोआप थांबतं ती त्याची जागा. बहुतेकजण याच्या दोन-तीन इंच पुढे ठेवतात, म्हणजे कमानीचं टोक फऱ्याच्या हाडावर येतं. घोडा प्रत्येक पावलाला त्या लोखंडी टोकावर खांदा घासतो. खोगीर न बदलता फक्त जागा बदलून बरे झालेले घोडे मी बघितलेत.

मग बाजूला, जरा लांब उभं राहून बघा. बसायच्या जागेचा सगळ्यात खोल बिंदू मधोमध हवा. पुढे घसरत असेल तर कमान फार रुंद, मागे घसरत असेल तर बहुधा फार अरुंद. तंग आवळून, स्वार वर बसवून, कमान आणि उंचवटा यांच्यात दोन ते तीन बोटं जायला हवीत. स्वाराशिवाय मोजलेलं माप काही कामाचं नाही. मागून बघितलं तर दोन गाद्यांमधून आरपार उजेड दिसला पाहिजे, पुढून मागेपर्यंत किमान तीन-चार बोटं रुंद. किसिंग स्पाइनच्या घोड्याला ही वाट अजून ऐसपैस हवी आणि गाद्या सपाट, रुंद हव्यात. वर सांगितलेली अट ती हीच.

तंगाचंही बघा. तंग कुठे बसेल ते खोगीर ठरवत नाही, घोड्याची छाती ठरवते. कोपरामागे छाती जिथे सर्वांत अरुंद, तिथेच तो जाणार. खोगिराचे पट्टे त्या जागेच्या मागे लोंबत असतील तर चालता चालता तंग पुढे जाईल आणि खोगिराला फऱ्यावर ओढून नेईल. त्यावर उपाय म्हणून तंग अजून आवळू नका. घोडा श्वास कुठून घेणार? आवळल्यावर दोन्ही पुढचे पाय एकेकदा पुढे ओढून कातडीची घडी मोकळी करा. कोपरामागच्या जखमा निम्म्या तेवढ्यानं टळतात.

जुनं खोगीर घेत असाल तर आधी सांगाडा. कमान मांडीला टेकवून मागची कड स्वतःकडे ओढा. बैठकीच्या मधोमध सुरकुती पडली, करकर वाजलं तर मोडलेला. कमानीची दोन टोकं हातांनी दाबून बघा, जरासुद्धा हलता कामा नयेत. मी आणलेल्या जुन्या खोगिराची डावी बाजू हलत होती. घरी आणल्यावर कळलं, आणि विकणारा तोवर फोन उचलेनासा झाला होता.

खोगीरभरती

मराठीत हा शब्द फुकटच्या भरणीसाठी वापरतात, आणि पाठीच्या बाबतीत आपण अक्षरशः तेच करतो. दुखतंय, घाल जाड पॅड. अजून दुखतंय, घाल त्यावर जेल. बूट चावतो म्हणून दोन मोजे घातले तर काय होईल? अरुंद कमानीखाली पॅड म्हणजे कमान अजून अरुंद. पॅड थोडाफार कामाला येतो तो किंचित रुंद खोगिराखाली, आणि तोही बेताचा. पॅड घातल्यावर तो कमानीत वर खेचून घ्या, उंचवट्यावर ताणून बसला तर तोच दाब देतो. माझं मत विचाराल तर चांगला लोकरीचा नमदा कुठल्याही जेलपेक्षा बरा. घाम पितो, सरकत नाही, आणि इंग्रजीतला नमना हा शब्द याच नमद्यावरून तिकडे गेलाय.

गादीतली भर ही वेगळी गोष्ट. लोकरीची भर वापरानं दबते आणि तिच्या गाठी होतात. नवं खोगीर असेल तर सहा महिन्यांच्या आत आणि मग वर्षातून एकदा ती उघडून बघायला हवी. गादीवर अंगठा दाबत जा, लाडवासारखी गाठ लागली तर तिथे घोड्यालाही लागतेय. आमच्याकडे मोच्यानं एकदा जुन्या गादीचं पोट फाडलं तर आत काथ्या, चिंध्या आणि पोत्याचा तुकडा निघाला. चांगला मोची असेल तर लोकर तुम्ही आणून द्या आणि पुठ्ठ्यावरची रेघ त्याच्या समोर ठेवा. फक्त एक: भर बदलून गादीचा उंचसखलपणा सुधारतो, चुकीच्या कोनाची कमान सुधारत नाही.

मग निवडायचं कोणतं

वाळलेल्या पाठीला बेतून खोगीर घेतलं की खळगा कायमचा होतो, कारण स्नायूला फुगायला जागाच नाही. आत्ताच्या पाठीला रुंद खोगीर घेतलं तर ते पुढे कोसळून उंचवट्यावर आदळतं. बाहेर पडायची वाट अशी: खोगीर घ्यायचं ते पाठ भरल्यावर जशी असेल त्या मापाचं, आणि आजच्या खळग्यात फोमचे पातळ तुकडे भरायचे. असे खिसे असलेले पॅड मिळतात. स्नायू भरत जाईल तसा एकेक तुकडा काढून टाकायचा. हा पॅड आणि मघाशी ज्याला नावं ठेवली तो पॅड, यांतला फरक म्हणजे याच्यासाठी जागा आधी मोकळी ठेवलेली असते.

कमान बदलता येणारी सिंथेटिक खोगिरं, विन्टेकसारखी, अशा घोड्याला सोयीची पडतात. वजनाला हलकी, पावसाला भीत नाहीत, आणि कमानीची लोखंडी पट्टी घरच्या घरी स्क्रू काढून बदलता येते. चामड्याचा थाट नाही त्यांना, मला ती दिसायला आवडतही नाहीत. पण चांदणीच्या पाठीवर शेवटी तेच आहे, आखूड गादीचं.

सांगाडा नसलेल्या खोगिरांबद्दल फार जण विचारतात. मऊ असतं म्हणून घोड्याला बरं, असं वाटतं. सांगाड्याचं कामच मुळी वजन कण्यावरून उचलून दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवणं हे आहे. तो काढला की वजन स्वाराच्या बुडाखाली आणि रिकिबीच्या पट्ट्यांपाशी गोळा होतं. हलका स्वार, छोटी फेरी, कणा मोकळा ठेवणारा खास पॅड असेल तर ठीक. पाठीचं दुखणं असलेल्या घोड्याला आणि माझ्यासारख्या वजनाला नाही.

लांबच्या फेऱ्या करणाऱ्यांनी फौजी नमुन्याचं खोगीर डोळ्याआड करू नये. लोखंडी कमानी, दोन लांब लाकडी फळ्या, खाली घडी घातलेलं कांबळं. जड असतं, पण वजन मोठ्या जागेवर पसरतं, आणि मोहिमेत घोडा वाळला की कांबळ्याची घडी बदलून ते जुळवून घेता यायचं. फळ्या लांब असतात म्हणून आखूड पाठीच्या घोड्याला मात्र ते चालत नाही. आधी दोन खडूच्या रेघांमधली जागा मोजा.

वजन

हा भाग मी स्वतःच बरेच दिवस टाळला. घोड्याचं वजन काट्याशिवाय काढायचं असेल तर कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. चांदणीचा घेर १५८, लांबी १५०, म्हणजे साधारण ३१५ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं हा जुना ठोकताळा. तो ६३ किलो होतो. मी ७२, खोगीर ७. पंचवीस टक्के. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांतही तट्टासाठी ७० किलोची मर्यादा आहे, म्हणजे सामान म्हणून मला लादलं असतं तर मी बेकायदा ठरलो असतो.

चांदणीवर आता माझी भाची बसते, ४९ किलो. मी बाजूनं चालतो.

पाठ भरताना

खोगीर मिळालं म्हणून लगेच रपेट सुरू केली की चक्र पुन्हा फिरतं. आम्ही दोन महिने पाठीवर काहीच ठेवलं नाही. हातात धरून चढावर चालवणं, सावकाश, मान खाली सोडून. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून पाय उचलायला लावणं. दाण्याआधी गाजर धरून मान दोन्ही कुशींकडे आणि पुढच्या पायांमध्ये खाली वळवून घेणं. पोटाखाली मधोमध बोटांनी हलकं दाबलं की घोडा पाठ वर उचलतो, ते रोज पाच-सहा वेळा. हे डॉक्टरांना विचारून, आणि घोडीच्या मागच्या पायांवर नजर ठेवून. मग नुसतं खोगीर, मग दहा मिनिटं स्वार, चालीवर.

दर सहा आठवड्यांनी तार. हे सोडू नका, कारण पाठ एका वर्षात तीन आकार घेते. पावसाळ्यात काम नसतं, हिरवा चारा मिळतो, घोडा गोल होतो. दिवाळीला पर्यटक येतात, गेल्या मेमध्ये बसलेलं खोगीर तसंच चढवलं जातं आणि माथेरानपासून पाचगणीपर्यंत डिसेंबरात पाठी लागलेल्या दिसतात. घोडा तोच, खोगीर तेच, पण मधे पावसाळ्याचे चार महिने गेलेले असतात. खोगीरही पावसाळ्यात बुरशी धरतं, भर ओली होऊन बसते. दिवाळीच्या आधीचा एक दिवस पुठ्ठा, तार आणि धोतरासाठी ठेवा.

आमच्या पागेच्या दारामागे पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर पाच रेघा, एकीबाहेर एक. पहिल्या तीन महिन्यांत दोन रेघांत फरकच दिसत नव्हता, मी तार चुकीची लावतोय असं वाटायचं. चौथी रेघ आल्यावर फोमचे पुढचे तुकडे काढले. पाचवीला कमानीची पट्टी एक माप मोठी बसवली. डावीकडचा खळगा आता हाताला लागत नाही. उजवीकडे मात्र रेघ अजून बोटभर आत आहे, आणि गेल्या दोन रविवारी भाचीनं सांगितलं की खोगीर उजवीकडे जातंय. मी आधी भाचीची रिकीब मोजली. दोन्ही सारख्या. परवा गुरुवारी चाचा येतायत, मागचा उजवा खूर बघायला.